सातव्या हौदातला हरताळ

चाचा, तुमचं मराठी मी एकदा सुधारलं होतं. तुम्हाला ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही. गेल्या शुक्रवारी तुम्हाला पोचवून माणसं परत येत होती तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. कुणाला तरी सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं आणि परत मिटलं. ज्याला सांगायचं तो माणूस तर मागेच राहिला होता. म्हणून लिहायला बसले आहे. लिहायची मला सवय आहे, आणि सगळा घोळ त्या सवयीनंच केला होता.

तुमचं वय काय, गाव मूळचं कुठलं, मागे कोण कोण, यातलं मी काही लिहिणार नाही. ते गावाला पाठ आहे. तुम्हाला तरी ते कुठं आवडायचं! कुणी तुमची थोरवी गायला लागलं की तुम्ही खिशातली सुपारी काढून त्याच्या हातावर ठेवायचात, म्हणजे त्याचं तोंड बंद. मला ही सुपारी तुम्ही कमीत कमी दहा वेळा चारली असेल.

आठवतं ना, तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले तो दिवस? बहात्तर साल, पाऊस रुसलेला. मुलींची शाळा तेव्हा धर्मशाळेच्या दोन खोल्यांत भरायची आणि उरलेली ओसरीवर. नाल्याकाठचा चामड्याचा कारखाना बंद पडून दहा वर्षं होऊन गेली होती. मालक बाहेरगावचा, तो गेला तो गेलाच. ती पडीक जागा शाळेला मिळणार असं ठरलं आणि गावात पेढे वाटले गेले. जागेवर आधी कुठं काय होतं याची पाहणी करायची होती. मोजमाप ओव्हरसीअरसाहेबांकडे आणि लिखापढी माझ्याकडे, कारण मी मराठी शिकवायची आणि माझं अक्षर मोत्यासारखं होतं असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

कारखान्यातला जुना जाणता माणूस गावात एकच उरला होता, चुन्याच्या हौदांवरचा मिस्त्री गफूर. तुमचा जबाब घ्यायला मी आले. तुम्ही खाट मला दिलीत आणि स्वतः जमिनीवर बसलात. चाचीनं चहा आणला आणि मी तो पिते की नाही हे दाराआडून पाहत राहिली. मी प्यायले. त्या एका कप चहाचं तुम्ही पुढे सहा वर्षं इतकं कौतुक केलंत की मला शरमल्यासारखं व्हायचं.

तुम्ही मला सगळा कारखाना हातांनी हवेत उभा करून दाखवलात. इथं मिठातल्या कातड्यांची खोली. इथं सात हौद, ओळीनं. त्यांत चुना, म्हणजे केस सुटतात. पलीकडे तरवडाच्या सालीचे हौद, तिथं कातडं पिकतं. मग बैलगाड्या जऊळक्याच्या स्टेशनावर. मी भराभरा लिहीत होते. शेवटी तुम्ही थांबलात, चाचीकडे पाहिलंत आणि खाली बघत म्हणालात, "लिवून घ्या बाई. सातव्या हौदावर हरताळ होता. कारखाना बंद झाला, पन हरताळ तिथंच राह्यला. अजून हाय. त्याचा जिम्मा माह्या."

मी मान डोलावली. हरताळ म्हणजे संप, बंद, हे मराठीच्या बाईला कळणार नाही तर कुणाला! घरी येऊन मी जबाबाची शुद्ध प्रत केली. ‘हरताळ’ मला जरा गावठी वाटला. मी लिहिलं: ‘सातव्या हौदावरील कामगारांनी संप केला. कारखाना बंद पडेपर्यंत तो मिटला नाही. संपाची जबाबदारी जबाब देणाऱ्याने स्वतःकडे घेतली.’ वाक्यं वाचून मला बरं वाटलं. समितीत मी ती खणखणीत आवाजात वाचली. पाचही सभासदांनी ऐकली आणि पुढच्या विषयाकडे वळले. दहा वर्षांपूर्वीच्या संपाचं कुणाला काय पडलं होतं!

मग विहिरीचं निघालं. गावातल्या विहिरींनी तळ दाखवला होता. पाण्याशिवाय शाळा कशी बांधणार? ओव्हरसीअरसाहेबांना सातवा हौद फार आवडला. सगळ्यांत खोल, दगडानं बांधलेला, आणि त्या कोरड्या वर्षीसुद्धा तळाशी ओल धरून होता. ‘आयती विहीर आहे, दहा हात खाली गेलं की पाणी,’ असं ते म्हणाले. सोमवारी कुदळ मारायचं ठरलं.

हे तुमच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. चाचीनं मला नंतर सांगितलं की तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. एकच बोलत होतात, "पाच मानसायनं माह्य सांगनं आयकलं अन् फेकून देल्लं. चामडेवाल्याचं कोन आयकते?"

हे वाक्य, चाचा, सहा वर्षं माझ्या छातीत रुतून आहे.

रविवारी मी रिसोडला फुलचंदशेठांकडे गेले होते. ते किराण्याचे व्यापारी, शाळा समितीचे सभासद. विहिरीच्या पूजेचा नारळ-गूळ त्यांच्याकडून आणायचा होता. शेठ आत बसून घरातल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांची धूळ झटकत होते. एक पान त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. काळीभोर अक्षरं, आणि मधेच दोन ठिकाणी पिवळाधमक डाग. मी विचारलं, हे काय सांडलं?

"सांडलं नाही बाई. लिवनाऱ्याची चूक झाली का त्याच्यावर हरताळ फासत. तुमी शाळेत शिकवता ना, हरताळ फासला म्हून? तो हा. बोट नोका लावू, लावलं त सोडा-राखेनं हात धुवा. जहर असते ते."

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मी दर वर्षी आठवीला शिकवत होते. अर्थ, पुसून टाकणे, पाळायचं ते न पाळणे. वाक्यात उपयोग करा. दहा पैकी दहा. हरताळ नावाची वस्तू असते, ती पिवळी असते आणि विषारी असते, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी शेठना विचारलं, "हा कातड्याच्या कारखान्यात वापरतात का?" ते म्हणाले, "मंग! चुन्यात टाकला का केस भसाभस निघतात. पोत्यानं येत होता."

त्या दिवशी परतीची एस.टी. मिळाली नाही. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आले आणि स्टँडवरून थेट नाल्याकडे पळाले, पदर कुठं, पिशवी कुठं.

तुम्ही सातव्या हौदाच्या काठावर पाय आत सोडून बसला होतात. मजूर कुदळी टेकून उभे होते. पूजेचा नारळ अजून माझ्याच पिशवीत होता. तुम्ही म्हणत होतात, "मले उचलल्याबिगर कुदळ लागनार नाही." आणि ओव्हरसीअरसाहेब हसत म्हणाले, "काय चाचा, तुमचा संप अजून मिटला नाही वाटतं?"

सगळे हसले. तुम्ही भांबावून सगळ्यांकडे पाहिलंत. कसला संप, हे तुम्हाला कळेना. ते मला एकटीला कळलं.

मी ओरडले, की त्यात विष आहे, चाचांनी जबाबात आधीच सांगितलं होतं. बस, एवढंच. ‘आणि मी ते चुकीचं लिहिलं’ हे पुढचं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच वाळलं. मजूर बाजूला झाले. सभासद ओव्हरसीअरकडे बघायला लागले, ओव्हरसीअर सभासदांकडे. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. तुम्हीच तेवढं पाहिलंत, आणि ते कृतज्ञतेनं. ती नजर मी फुकट लाटली.

मग तुम्ही जे बोललात ते गावानं पहिल्यांदा ऐकलं. कारखाना बंद होताना उरलेली हरताळाची पोती मालकानं सातव्या हौदात रिकामी करायला लावली, आणि ती तुम्ही स्वतःच्या हातांनी केलीत, वर चुन्याचा गाळ ओढलात. "नौकर होतो, केलं. आता त्याच हातानं सांगून राह्यलो. इथलं पानी माह्या नसीमले पाजान का? नाही ना? मंग कोनाच्याच पोट्टीले पाजू नका." नसीम तुमची नात, तेव्हा दुसरीत. स्वतःवर बोट ठेवून, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. खरं सांगू, त्यानंतरही फार पाहिले नाहीत.

पण विष एका हौदात आहे की सगळ्या जागेत, हे कसं कळणार? मातीची बाटली सरकारी प्रयोगशाळेकडे रवाना झाली, पण तिकडून उत्तर यायला वेळ लागणार होता. नवरात्र जवळ आलं होतं. मी बोलता बोलता म्हणाले, घटाच्या मातीत ज्वारी टाकतो, तशी ही माती पेरून बघितली तर? तुम्ही ताडकन उठलात. दुसऱ्या दिवशी हौदांपासून सुरुवात करून दर वीस पावलांवर तुम्ही एक खुंटी ठोकलीत. प्रत्येक खुंटीची माती वेगळ्या फुटक्या मडक्यात. कुंभाराकडची सगळी टाकाऊ मडकी धर्मशाळेच्या ओसरीवर आली. एका सभासदानं नाक मुरडलं, "देवीचा घट अन् चामड्याच्या कारखान्याची माती?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "घट नोका म्हनू बाप्पा. मडकं म्हना. ज्वारीले काय समजते?"

पाण्याची मारामार होती. मुली घरून वाटीभर पाणी आणायच्या, जपून, दोन हातांत धरून. मडक्यांना हात मात्र तुम्ही एकाही मुलीला लावू दिला नाहीत; वाटी तुमच्या हातात द्यायची आणि मागं सरायचं. आठ दिवसांत सगळं दिसायला लागलं. वरच्या अंगाच्या मडक्यांत ज्वारी बोटभर, हिरवीगार. हौदांजवळच्या मडक्यांत पिवळी, कोलमडलेली. सातव्यात काहीच नाही. नाल्याच्या बाजूला चाळीस पावलांपर्यंतही काही नाही. मी प्रत्येक खुंटीची नोंद केली आणि या वेळी तुमचा शब्द न् शब्द तुम्ही म्हणालात तसा लिहिला. ‘मरी ज्वारी’, ‘अर्धी मरी’, ‘नाचते’. वरच्या कोपऱ्यातली ज्वारी नाचत होती. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं, मातीत सोमल आहे, म्हणजे हरताळातलंच विष. तुम्ही म्हणालात, "साहेबायले दोन महिने लागले, ज्वारीले आठ दिवस." ओव्हरसीअरसाहेबसुद्धा हसले. त्यांनी तुमच्या खुंट्यांवरूनच नवा नकाशा काढला, हे त्यांच्या नावावर चांगलं लिहून ठेवते.

त्यांचं आणि तुमचं खरं भांडण पुढे झालं. साहेब म्हणत होते, गाळ उकरा आणि नाल्यात टाका, पुरात जाईल वाहून. तुम्ही म्हणालात, "जाईन कुठं? खालच्या गावाले. त्यायले पोट्ट्या नाहीत काय?" साहेबांनी नाल्याचा नाद सोडला. उन्हाळ्यात दुष्काळी कामावरची माणसं मिळाली. तळ्याच्या बुडातली काळी चिकण माती आणली, थरावर थर धुमसानं चोपला, वर दगड बसवला, भोवती चर काढला म्हणजे पावसाचं पाणी तिकडून फिरून जाईल. सातव्या हौदाच्या काठावर तुम्ही दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाहीत. तोंडाला फडकं बांधून तिथला थर एकट्यानं ओढलात. मी सावलीत बसून नोंदी करत होते आणि मला तुमचा इतका अभिमान वाटत होता की अक्षर बिघडत होतं.

आणि ती पांढरी! हौदांच्या कडेला चुन्याच्या गाळाचे ढीग दहा वर्षं पडून होते. आपल्याकडे पांढरी माती दिसली की बायकांच्या हातात टोपलं येतंच. भिंत सारवायला, चूल लिंपायला किती घरांनी ती नेली होती, याचा पत्ता नव्हता. तुम्ही दारोदार गेलात. उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचात, "माय, ही पांढरी कुठची आनली?" ज्या घरांनी तुम्हाला जन्मात ओसरी ओलांडू दिली नव्हती, त्या घरांच्या चुलीमागची भिंत तुम्ही ओली करून खरवडलीत, खरवड पोत्यात भरलीत, आणि चांगल्या मातीनं भिंत परत सारवून दिलीत. चाची म्हणायची, बाप्पा, यायचं तं सासर झालं गावभर. ती सगळी पोती सातव्या हौदात गेली, वरचा थर बंद होण्याआधी.

शाळा वरच्या अंगाला उभी राहिली, जिथं ज्वारी नाचत होती तिथं. विहीरही तिथंच. पाणी पिण्यास योग्य असा कागद आला, तरी तुमचा भरवसा बसेना. महिनाभर तुम्ही एकट्यानं ते पाणी प्यालात. रोज सकाळी यायचात, एक तांब्या प्यायचात, मिशा पुसायचात आणि मला सांगायचात, "जित्ता हाय, बाई." महिना झाला तेव्हा नसीमला घेऊन आलात आणि पहिला पेला तिला दिलात. आज ती आठवीत आहे आणि शाळेतल्या साऱ्या मुली तिच्यासारख्याच, त्याच विहिरीचं पाणी पितात. एवढ्याशा गावातली ही शाळा बघायला बाहेरून माणसं येतात तेव्हा मी त्यांना आधी वर्ग दाखवत नाही. आधी दगडी फरसबंदी दाखवते आणि तुमचं नाव सांगते.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. फरसबंदीच्या भोवती तुम्ही करंज आणि कडुनिंब लावलेत, आणि फर्मान काढलंत की आवारात खायचं झाड लावायचं नाही. मी म्हणायची, वरच्या कोपऱ्यात एक पेरू तरी लावू द्या, तुमचीच ज्वारी तिथं नाचली ना? तुमचं उत्तर ठरलेलं, "अजून दोन साल थांबा." दर नवरात्रात तुम्ही परत मडकी मांडायचात, परत ज्वारी पेरायचात, परत हिरवीगार यायची, आणि परत दोन साल. मी चिडून एकदा म्हटलं, चाचा, तुमची दोन सालं सरकारी दिसतात. तुम्ही सुपारी पुढे केलीत.

आता जे सांगायचं होतं ते. या सहा वर्षांत तुम्ही कुठल्याही बैठकीला आत येऊन बसला नाहीत. समितीनं बोलावलं, मी बोलावलं. तुम्ही दाराशी उभे राहून विचारलेलं सांगायचात आणि जायचात. लोकांना तो तुमचा विनय वाटला. मला माहीत होतं की ते दुखणं होतं. पाच माणसांनी आपली कबुली ऐकून फेकून दिली, असं तुम्ही धरून चालला होतात. त्यांनी ती ऐकलीच नव्हती, चाचा. त्यांनी माझं शुद्ध मराठी ऐकलं होतं. एका वाक्यात तुमचं ओझं उतरलं असतं, आणि ते वाक्य मी सहा वर्षं बोलले नाही, कारण मोत्यासारख्या अक्षराची मला लाज राखायची होती. आधी मास्तरीण होते, मग मुख्याध्यापिका झाले. बोलणं आणखी कठीण होत गेलं. माझं चुकलं. तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

परवा मी चाचीकडे गेले. चहा झाला. मग सगळं सांगितलं, रडत रडतच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती एक तर चिडेल, नाही तर पाठीवरून हात फिरवेल. तिनं दोन्ही केलं नाही. म्हणाली, "मले सांगून काय होते बाई? मी त्यायचं सांगनं फेकलं नव्हतं. ज्यायच्या म्होरं वाचलं, त्यायच्या म्होरं वाचा."

म्हणून काल समितीची बैठक बोलावली. जुन्यांपैकी फुलचंदशेठ आणि आणखी एक जण आहेत, बाकी नवे. चाचीला आणि नसीमला मी आत, पहिल्या रांगेत बसवलं. जुनं इतिवृत्त उघडलं आणि माझीच तीन वाक्यं वाचून दाखवली, मग ती कशी आली ते सांगितलं. शेठनी वही ओढून घेऊन ती वाक्यं पुन्हा वाचली. मग म्हणाले, "पोथीत चूक झाली तर हरताळ फासत. इथं तुमी हरताळावरच हरताळ फासला, बाई." मी हो म्हटलं. खरं तेच होतं.

त्या तीन वाक्यांवर मी सगळ्यांसमोर रेघ मारली. खाली तुमचं बोलणं लिहिलं आणि ते वाचायला उभी राहिले. तेव्हा नसीमनं वही माझ्या हातातून घेतली आणि अगदी तुमच्यासारखं, तुमच्या ठेक्यात वाचलं. एकही काना-मात्रा मी सुधारलेली नाही, चाचा. या वर्षीची मडकी मी मांडते, पेरू अजून दोन साल थांबेल. तुमचं वाक्य समितीनं ऐकलं. पाचही जण उभे राहून ऐकत होते:

"लिवून घ्या बाई. सातव्या हौदावर हरताळ होता. कारखाना बंद झाला, पन हरताळ तिथंच राह्यला. अजून हाय. त्याचा जिम्मा माह्या."